दंतुर कडा : पानांचे दात, प्राण्यांचे दात आणि एक चुकलेला गुण



पाचवी ते आठवीच्या विज्ञानात आणि भूगोलात एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे 'दंतुर'. पानाची कडा दंतुर असते, कोकणचा किनारा दंतुर असतो. मुलं हा शब्द पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. मीही बरीच वर्षं तो तसाच शिकवला. फळ्यावर जास्वंदीचं पान काढायचं, कडेला नागमोडी रेघ ओढायची, 'दंतुर' असं लिहायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे जायचं.

एका चाचणीत प्रश्न होता, 'दंतुर कडा म्हणजे काय? उदाहरण द्या.' सहावीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'दंतुर म्हणजे आमच्या आजीच्या खवणीसारखी कडा.' पानाचं उदाहरण नाही म्हणून मी तिचा एक गुण कापला. पेपर वाटल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, खवणीला दात खोबरं खरवडायला असतात. मग जास्वंदीला कशाला असतात?"

मला उत्तर देता आलं नाही. "पुढच्या तासाला सांगतो" म्हणून मी वेळ मारून नेली. आजचा लेख हे त्या राहिलेल्या उत्तराचं काम आहे. खरं सांगायचं तर तिचं उत्तर माझ्या व्याख्येपेक्षा चांगलं होतं, कारण तिने कडेचा आकार आणि कडेचं काम या दोन्ही गोष्टी जोडल्या होत्या.

शब्दाची ओळख

'दंत' म्हणजे दात. त्याला प्रत्यय लागून 'दंतुर' झाला. हा शब्द फार जुना आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तो कसा तयार होतो याचं स्वतंत्र सूत्र आहे आणि तिथे अर्थ आहे 'ज्याचे दात पुढे आलेले आहेत असा'. पुढे तो माणसापुरता न राहता, उंचसखल आणि टोकं बाहेर आलेल्या कोणत्याही कडेसाठी वापरला जाऊ लागला. आपल्या बोलीत यालाच 'दातेरी' म्हणतात. भात कापायचा विळा दातेरी असतो. विळीचं पातं सपाट असतं, पण तिच्या टोकाची खवणी दातेरी असते. करवत तर दातेरी असतेच.

म्हणून वर्गात सुरुवात 'दंतुर'पासून करू नका, 'दातेरी'पासून करा. मुलांना ती वस्तू घरात माहीत असते. फक्त पुस्तकातला शब्द नवा असतो.

पानाच्या कडेचे प्रकार

पानाच्या कडेला वनस्पतिशास्त्रात 'पर्णधारा' म्हणतात. मराठी पुस्तकांत प्रकारांची नावं थोडीफार बदलतात. काही पुस्तकं सगळ्याच दातेरी कडांना 'दंतुर' म्हणतात. पण हातात पान घेतलं की फरक स्पष्ट दिसतो.

१) अखंड कडा : दाते अजिबात नाहीत, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. वड, फणस, पेरू, रुई.

२) लहरी कडा : दाते नाहीत, पण कडा खालीवर होते. शाळेच्या आवारात उंच सरळ वाढणारा जो हिरवा अशोक असतो, त्याचं पान पाहा.

३) करवती कडा : दाते टोकदार आणि सगळे पानाच्या शेंड्याकडे वळलेले, अगदी करवतीसारखे. गुलाब, पुदिना, कडुनिंबाची पर्णिका.

४) खऱ्या अर्थाने दंतुर कडा : दाते टोकदार, पण शेंड्याकडे न झुकता सरळ बाहेर रोखलेले. तळ्यातल्या कुमुदाचं गोल पान पाहा. त्याच तळ्यातल्या कमळाची कडा मात्र अखंड असते. दोन्ही पानं शेजारी ठेवली तर मुलं हा फरक विसरत नाहीत.

५) गोलदंतुर कडा : दाते आहेत, पण टोकदार नाहीत, नखासारखे गोल आहेत. पानफुटी आणि ब्राह्मी म्हणून ओळखली जाणारी मंडूकपर्णी ही याची उदाहरणं.

६) काटेरी कडा : दात्याच्या टोकाला काटाच असतो. कोरफड, घायपात, केवडा, पिवळा धोतरा. करडईचंही तसंच. तिची कोवळी पानं आपण भाजी म्हणून खातो, पण झाड निबर झालं की तीच पानं हाताला टोचतात.

यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच. 'दात आहेत का?' एवढं विचारून थांबू नका. 'दात कुठे वळलेत?' हेही विचारा. पुढे प्राण्यांमध्येही हाच प्रश्न कामाला येणार आहे.

मग पानाला दात कशाला?

आता त्या मुलीचा प्रश्न. पान काही कापत नाही, चावत नाही. मग दात का?

पहिलं उत्तर सकाळी लवकर उठल्यावर मिळतं. कुंडीतल्या टोमॅटोची किंवा स्ट्रॉबेरीची पानं पाहा. रात्री हवा दमट असेल आणि मातीत ओल भरपूर असेल, तर सकाळी पानाच्या कडेवर, नेमके दात्यांच्या टोकांशी, पाण्याचे थेंब दिसतात. आपण त्याला दव म्हणतो. पण दव पानभर पसरतं, आणि हे थेंब माळेसारखे कडेलाच असतात. हे पाणी झाडाच्या आतून आलेलं असतं. रात्री बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबतं, पण मुळं पाणी ओढत राहतात. ते जास्तीचं पाणी शिरांच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. बऱ्याच दंतुर पानांत ही छिद्रं दात्यांच्या टोकाशी असतात. म्हणजे तिथे दाता हा पाणी बाहेर टाकणाऱ्या तोटीसारखा असतो.

दुसरं उत्तर पानफुटी देते. तिच्या दोन गोल दात्यांमधल्या खाचेत कळी असते. पान मातीवर पडलं की त्या खाचांतून इवलीशी रोपं उगवतात. इथे कडा म्हणजे झाडाची रोपवाटिकाच आहे.

तिसरं उत्तर संरक्षणाचं. कोरफड, घायपात, केवडा यांना तोंड लावण्याआधी जनावर दोनदा विचार करतं.

आणि चौथं उत्तर हवामानाचं आहे, जे मला सगळ्यात आवडतं. १९१५-१६ मध्ये बेली आणि सिनॉट या दोन अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतली झाडं तपासली. त्यांना दिसलं की उष्ण प्रदेशातल्या बहुतेक वृक्षांची पानं अखंड कडेची असतात, आणि थंड प्रदेशात गेलं की दंतुर पानांच्या झाडांचं प्रमाण वाढतं. आपल्याकडचेच वृक्ष आठवा : आंबा, वड, पिंपळ, फणस, जांभूळ. सगळे अखंड कडेचे. आता काश्मीर-हिमाचलकडचे आठवा : सफरचंद, चेरी, भूर्ज. हे दातेरी.

पुढे १९७९ मध्ये जॅक वुल्फ या शास्त्रज्ञाने पूर्व आशियातल्या जंगलांचा अभ्यास करून यातून गणितच मांडलं. एखाद्या जागी अखंड कडेच्या वृक्षजातींचं प्रमाण साधारण ३ टक्क्यांनी वाढलं, तर तिथलं वर्षाचं सरासरी तापमान सुमारे १ अंश सेल्सिअसने जास्त असतं. याचा उपयोग काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडात पानांचे ठसे सापडतात. त्या काळी तापमापक नव्हता, पण पानांच्या कडा आहेत! त्यांच्या आधारे त्या काळच्या हवेचा अंदाज बांधता येतो.

असं का होत असावं? एक स्पष्टीकरण असं आहे की थंड प्रदेशात पालवी फुटते तेव्हा दिवस थोडेच अनुकूल असतात. कोवळ्या पानाचे दाते त्या सुरुवातीच्या दिवसांत जोमाने काम करतात. तिथे प्रकाशसंश्लेषण आणि बाष्पोत्सर्जन जास्त होतं, त्यामुळे पान लवकर कामाला लागतं.

मात्र मुलांना हेही सांगा की हा नियम वृक्षांच्या मोठ्या समूहासाठी आहे, एकट्या झाडासाठी नाही. कडुनिंब दातेरी आहे म्हणून विदर्भ थंड ठरत नाही.

ऊस आणि गवत : न दिसणारी करवत

ज्यांच्या घरी ऊस आहे त्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. उसाचं पाचट अंगाला घासलं की बारीक बारीक चिरा पडतात आणि घाम लागला की झोंबतात. डोळ्यांना मात्र त्या पानाची कडा सरळच दिसते.

भिंगाखाली पाहिलं की उलगडा होतो. कडेवर अतिशय बारीक, आकड्यासारखे दाते असतात आणि त्यांत सिलिका असते. वाळू आणि काच ज्या पदार्थाची बनते तोच हा. हे दाते शेंड्याकडे वळलेले असतात. त्यामुळे बुडाकडून शेंड्याकडे गेलं तर पान गुळगुळीत लागतं आणि उलट गेलं तर अडकतं. ऊसतोड करणाऱ्या आया-बाया अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि डोकं कापडाने गुंडाळतात, त्यामागे उन्हाइतकंच हेही कारण आहे. आपल्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं असतील, तर या मुद्द्यावर त्यांना बोलू द्या. ती आपल्यापेक्षा जास्त सांगतील.

प्राण्यांच्या दंतुर कडा

प्राण्यांमध्ये दातेरी कडा चार प्रकारची कामं करते असं मी मुलांना सांगतो : कापणं, अडकणं, आवाज करणं आणि आवाज दाबणं.

*कापणं.* मोठ्या पांढऱ्या शार्कचा दात त्रिकोणी असतो आणि त्या दाताच्या कडेलाही बारीक दाते असतात. म्हणजे दातालाच दात! ज्या शार्क निसटते मासे पकडून गिळतात, त्यांचे दात सुळ्यासारखे लांब आणि गुळगुळीत असतात. मोठ्या भक्ष्याचे लचके तोडणाऱ्यांचे दात दंतुर. यामागचं कारण विज्ञानाच्या पुस्तकातच आहे : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सपाट कडेवर जोर सगळीकडे वाटला जातो. दंतुर कडेवर तोच जोर थोड्या टोकांवर येतो, म्हणून दाब वाढतो आणि टोकं आत शिरतात. पाव कापायची सुरी दातेरी का असते, याचं उत्तरही हेच.

डासाचंही तसंच. डासाची मादी चावते तेव्हा ती एक सुई टोचत नाही. तिच्या सोंडेत सुयांचा जुडगा असतो आणि त्यातल्या दोन सुयांच्या टोकांना करवतीसारखे दाते असतात. त्या मागेपुढे सरकवत ती कातडीत शिरते.

*अडकणं.* मधमाशीच्या नांगीवर दाते असतात, पण ते मागे वळलेले, माशाच्या गळासारखे. आत जाताना सहज जातात, बाहेर येताना अडकतात. माणसाच्या जाड कातडीत नांगी रुतली की माशी उडून जाताना ती तुटून मागे राहते आणि माशी मरते. तुटलेल्या नांगीतून काही काळ विष आत जात राहतं, म्हणून मुलाला माशी चावली तर वेळ न घालवता नांगी काढून टाकावी. पाकट माशाच्या शेपटीवरच्या काट्याच्या दोन्ही कडांनाही असेच उलटे दाते असतात, शिवाय तो काटा विषारी असतो. म्हणून कोळी बांधव जाळ्यात पाकट आली की शेपटीला जपून असतात.

*आवाज करणं.* रातकिड्याच्या एका पंखावर कानशीसारखी दातेरी शीर असते. दुसऱ्या पंखाची कडा तिच्यावर घासली की किर्र आवाज येतो. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवून मुलांना हा आवाज लगेच करता येतो.

पण आवाज करणारी सगळ्यात महत्त्वाची दंतुर कडा फुरशाची. फुरसं हा लहानखुरा साप, कोकणात तर परिचयाचाच. त्याच्या अंगाच्या बाजूचे खवले तिरपे बसलेले असतात आणि प्रत्येक खवल्यावर मधोमध दातेरी कणा असतो. धोका वाटला की तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो आणि करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज येतो. नाग फुत्कारतो तो श्वासाने, फुरसं इशारा देतं ते अंगाच्या खवल्यांनी. हा आवाज ओळखू येणं म्हणजे मुलाला दोन पावलं मागे जायची संधी मिळणं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांवर चालणारं प्रतिविष आपल्याकडे मिळतं. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. चावलेला अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठावा. दंतुर शिकवता शिकवता हे सांगून झालं, तर तो तास कारणी लागला.

*आवाज दाबणं.* घुबड याच्या अगदी उलट. त्याच्या पंखातल्या सर्वात बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. त्यांच्यामुळे पंखावरून जाणाऱ्या हवेचा आवाज कमी होतो. उंदराला घुबड येताना ऐकू येत नाही आणि घुबडाला उंदराची खसफस ऐकू येत राहते. घुबडाला अशुभ मानणाऱ्या घरातल्या मुलांना हे आवर्जून सांगा. शेतातले उंदीर खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा सोबती आहे.

माझी दुसरी चूक

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. त्या चाचणीनंतर मी उत्साहाने दंतुर कडा शिकवली. 'कडुनिंबाची ओळख म्हणजे संयुक्त पान आणि दंतुर पर्णिका' असं फळ्यावर लिहून दिलं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी एक मुलगा फांदी घेऊन आला. "सर, कडुनिंब! दंतुर आहे." मी कडा पाहिली, दाते होते. "शाब्बास" म्हणालो. मुलं पानं तोडून तोंडात टाकणार, तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी ओरडल्या, "गुरुजी, टाकून द्या ते! कडुनिंब न्हाई, बकाण हाय."

मावशींनी कडा पाहिलीच नव्हती. त्यांनी पूर्ण फांदी पाहिली होती. बकाण निंबाचं पान दोन-तीनदा विभागलेलं असतं, म्हणजे देठाला फाटे आणि फाट्यांना पर्णिका. कडुनिंबात पर्णिका मुख्य देठावरच दोन्ही बाजूंना बसतात, विळ्यासारख्या थोड्या वाकड्या असतात आणि त्यांच्या बुडाच्या दोन बाजू सारख्या नसतात. कडुनिंबाची फुलं पांढरी, बकाणाची जांभळट. पण दातेरी कडा दोघांनाही असते! बकाणाची फळं तर विषारी आहेत, आणि त्याचं पानही खाण्याचं नाही.

त्या दिवशी मला कळलं की मी मुलांना एक खूण देऊन तिला ओळख म्हटलं होतं. कडा ही एक खूण आहे. पानाची मांडणी, वास, फूल, फळ अशा चार खुणा जुळल्या की ओळख होते. पिवळ्या धोतऱ्याचंही तसंच. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली आणि १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ आली, माणसं दगावली. बी पाहून फसगत होते, पण उभ्या झाडाची काटेरी दंतुर पानं, पिवळं फूल आणि मोडल्यावर येणारा पिवळा चीक एकत्र पाहिला तर फसगत होत नाही.

वर्गात करून पाहा

१) प्रत्येक मुलाने गळून पडलेली पाच पानं आणावी. कागद ठेवून वरून पेन्सिल घासून कडेचा ठसा घ्यावा आणि दाते कुठे वळलेत ते बाणाने दाखवावं.

२) उसाच्या किंवा उंच गवताच्या पानावरून कापसाचा बोळा आधी शेंड्याकडे, मग उलटा फिरवावा. कापूस कधी अडकतो ते लिहावं. बोट फिरवू देऊ नका.

३) सारख्या लांबीच्या दोन पानांच्या, एक अखंड आणि एक दातेरी अशा, कडेला दोरा लावून तो मोजावा. दातेऱ्याच्या कडेला दोरा जास्त लागतो. इथेच भूगोल जोडता येतो. भारताचा किनारा पूर्वी ७,५१६.६ किमी शिकवला जायचा, अलीकडच्या मोजणीत तो ११,०९८.८ किमी भरला. समुद्र काही वाढला नाही. खाड्या, वळणं आणि बारीक दाते अधिक बारकाईने मोजले गेले.

४) घरातल्या दातेरी वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे काम लिहावं : कापणं, खरवडणं, अडकवणं, विंचरणं. पालकांनी यात मदत केली तर उत्तम.

५) कोणतंही अनोळखी पान, फळ, बी तोंडात घालायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशीच सांगा आणि शिक्षकानेही पाळा. मी पाळला नव्हता.

त्या मुलीला नंतर मी सगळ्या वर्गासमोर तिचा गुण परत दिला. गुण कशासाठी तेही सांगितलं. तिने वहीतली व्याख्या आठवली नव्हती, घरातली वस्तू आठवली होती, आणि ती कशासाठी आहे हे तिला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात खिचडीवाल्या मावशींना मी वर्गात बोलावलं. दोन फांद्या हातात धरून त्यांनी कडुनिंब आणि बकाण निंब पाच मिनिटांत शिकवला. मुलं अजून विसरलेली नाहीत, आणि मीही नाही.

तुमच्या परिसरात दातेरी कडेला, विळ्याला, पानांना कोणते वेगळे शब्द आहेत ते मुलांकडून गोळा करा. त्या शब्दांपासून सुरुवात केली की 'दंतुर' हा पुस्तकातला शब्द परका राहत नाही.